शेजारणीनं घ्यायचं नाव

लातुरात शांतता हवी असेल तर येळवशीचा दिवस धरा, ही अक्कल चंद्रप्पाची. अक्कल तशी चांगलीच होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळं लातूर घराला कुलूप लावून शेतात जातं. आडत बंद, डाळमिल बंद, रिक्षा बंद. शेतात पूजा करायची, मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर हाणायची आणि उन्हं कलली की परत यायचं. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतात ओढून नेतंच. गावात मागे राहतात ती कुत्री आणि आजारी माणसं. त्या वर्षी त्यांच्यात भीमाच्या गायन पार्टीची भर पडली होती.

पार्टी मुखेडकडची. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो, कोणाचं लग्न असो, पंधरा-वीस कोसांत भीमाचा पहाडी आवाज ओळखत नाही असं गाव नव्हतं. आता त्यांना स्वतःची कॅसेट काढायची होती. एक मोठी कंपनी गाणी घ्यायला तयार होती, पण गाणार त्यांचे गायक. भीमानं त्यांच्या माणसाला चहा पाजला आणि विचारलं, "गाणे नेता अन् गळे इथंच ठिवता व्हय?" माणूस चहा पिऊन गेला तो गेलाच. मग ठरलं, आपली कॅसेट आपणच काढायची.

चंद्रप्पाचं लातुरात रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान. लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गावात रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन चाललेलं. पाऊस पडेना, नळाला पाणी येईना, पण फिती कापणं काही थांबेना. त्या फितींच्या जिवावर चंद्रप्पाचे कर्णे कायम टांगलेले असत, आणि त्यातूनच त्यानं स्पूलवर चालणारं एक मोठं रेकॉर्डिंगचं मशीन आणून दुकानाच्या माडीवर मांडलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना डाळमिलचं जुनं बारदान ठोकलं होतं. त्यातून अजून तुरीचा धुरळा झडे, आणि ऐन सुराला कोणीतरी शिंके.

खरी अडचण मात्र समोरच्या डाळमिलची होती. लाईट असली की मिल चालायची आणि माडीची जमीन थरथरायची. लाईट गेली की मिल गप्प, पण मग मशीनही गप्प. दसऱ्याच्या सुमाराला पार्टी एकदा येऊन सगळी गाणी गाऊन गेली होती. ऐकून पाहिलं तर प्रत्येक गाण्याखाली मिलची घरघर. तेव्हा चंद्रप्पानं येळवस सुचवली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटीवाल्या मलप्पानंही डोलावली. मलप्पाचं मुखेडात शिलाईचं दुकान असलं तरी त्याचं वडिलोपार्जित शेत लातूरजवळच, औशाच्या रस्त्याला होतं, आणि घरातला थोरला म्हणून येळवशीची पूजा त्याच्याशिवाय सुरू होत नसे. गाव रिकामं होणार म्हणून जो दिवस धरला, त्या दिवशी गाव सोडून जाणाऱ्यांत आपला पेटीवालाही आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि मलप्पा असा भिडस्त, की त्यानंही सांगितलं नाही. सकाळी स्कूटरला आंबिलीचं मडकं बांधून आला तेव्हा सगळ्यांना कळलं.

"दुपारपतूर हाय मी," तो पेटी उघडत खाली मान घालून म्हणाला. "ज्वारी गुडघ्याएवढी बी न्हाई ह्या साली. पन पूजा तर लागतीच. शेतात बायको वाट बघंल."

"मग आदी नाही का सांगायचं, मलप्पा?" भीमा ओरडला.

"तुमी सगळे लई खुश व्हते ना," मलप्पा म्हणाला.

सगळे घाईघाईनं कामाला लागले. मशीनला माईक दोनच. त्यांच्याभोवती सगळ्यांनी उभं राहून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात गायचं. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कापणं-जोडणं चंद्रप्पाला येत नव्हतं, आणि येत असतं तरी भीमानं करू दिलं नसतं. कोपऱ्यात एकच माठ होता. टँकर आला नव्हता, म्हणून त्यातलं पाणी फक्त गळा ओला करण्यापुरतं घ्यायचं, असा चंद्रप्पाचा हुकूम होता.

पंचशीला भीमाच्या डाव्या हाताला उभी होती. ती भीमाची मावसबहीण, मुखेडच्या बालवाडीत शिकवायची आणि पार्टीत दुसरा आवाज धरायची. तिचा नवरा नरसिंग ढोलकीवर होता. सकाळपासून गाणी एकामागून एक बरी उतरत होती. पंचशीला गात होती, पण जीव गाण्यात नव्हता. तिचं सगळं लक्ष शेवटच्या गाण्याकडे आणि भिंतीशी पोत्यांच्या ढिगावर डोळे मिटून बसलेल्या आईकडे होतं.

आईला, नागुबाईला, तिनं मुद्दाम आणलं होतं. "माझं तिथं काय काम? गुडघे दुखून राहिले," म्हणत म्हातारी नाही नाहीच करत होती. पण पंचशीलेनं ऐकलं नाही. आई समोर बसली असताना भीमादादाची जीभ कशी रेटते ते आपण बघू, असा तिचा डाव होता.

भांडण होतं ते त्या शेवटच्या गाण्यातल्या एका नावाचं. पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते. बाहत्तरच्या दुष्काळात नागुबाई खडी फोडायच्या कामावर होती, तेव्हा बायांनी दगड फोडता फोडता म्हटलेलं.

*फोड गं फोड दगुड, आत पानी हाय का पाहू*
*आभाळ बसलं रुसून, त्याच्या पाया किती जाऊ*

शेवटच्या कडव्यात मुकादमाच्या हजेरीसारखं नाव पुकारायचं. *कुनाचा गं ह्यो घाव, सांग मुकादमाला नाव*, असं म्हणून गाणं थांबायचं. मग ज्या बाईनं गाणं बांधलं तिचं नाव यायचं, आणि ती बाई हजेरीला द्यावा तसा "हाय जी" असा जवाब द्यायची. पण नाव तिनं स्वतः घ्यायचं नसे. ते तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं पुकारायचं. आपल्या तोंडानं आपला मोठेपणा सांगू नये, शेजारणीनं सांगावा, अशी त्या खडीवरच्या बायांची रीत. पंचशीला लहानपणी आईच्या तोंडून हे सगळं ऐकतच वाढली होती. नावाच्या जागी आई नेहमी थांबायची, आणि आपलं नाव आपण घ्यायचं नाही म्हणून थांबते, असं पंचशीलेनं धरलं होतं.

भीमानं गाणं स्टेजवर नेलं आणि तिथं आपलं नाव घातलं. "भीमा!" असं तोच पुकारायचा आणि पाठीमागचे सगळे "हाय जी!" म्हणायचे. टाळ्या पडायच्या. गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव घालणं ही पार्ट्यांची रीतच, त्यामुळे त्यात कोणाला गैर वाटलं नव्हतं. पंचशीलेलाही बरीच वर्षं वाटलं नाही. स्टेजवरचं नाव काय, वाऱ्यावर जातं. पण गेल्या उन्हाळ्यात तिची स्वतःची पोर शाळेतून येऊन म्हणाली, "आई, भीमामामाचं ते खडीचं गाणं शिकव ना," आणि पंचशीलेला ते नाव पहिल्यांदा खटकलं. जिच्या हाताचे घट्टे अजून गेले नव्हते ती आजी त्याच पोरीच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. कॅसेट एकदा निघाली की नाव कायमचं झालं. ते आईचंच पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. भीमा महिनाभर "पाहू, पाहू" म्हणत आला होता.

उन्हं माथ्यावर आली. मलप्पा दोन सुरांच्या मधे रस्त्याकडे बघू लागला. चंद्रप्पालाही तीन शेतांची आमंत्रणं होती, आणि भज्जीच्या आठवणीनं त्याचा चेहरा पार उतरला होता.

"शेवटचं राहिलंय. चला, जल्दी," तो म्हणाला. "दुपारी लाईट जाती. गेली तर मग तुमी अन् तुमचं नशीब."

पंचशीला भीमाकडे वळली. "दादा, नाव कोनाचं?"

"आता हे काढू नको, शीले."

"आता न्हाई तर कवा काढू? समोर बसलीय ती. घे बरं तिच्यासमोर स्वतःचं नाव. आपल्या तोंडानं आपलं नाव घ्यायचं न्हाई, ही रीत तुला म्हाईत हाय ना?"

"खडीवरची रीत येगळी, पार्टीची येगळी," भीमाचा आवाज चढला. "गानं बांधलं मावशीनं, कबूल. पन गावोगाव नेलं कोनी? पायात चप्पल नव्हती तवापासून गाऊन राहिलो मी हे गानं. लोकं मला त्याच्यावर ओळखतात. आज अचानक माझंच नाव काढून टाकू?"

आता हे अगदीच खोटं होतं असं नाही. ते गाणं भीमानं उचललं नसतं तर खडीबरोबर रस्त्याखाली गेलं असतं, हे पंचशीलेलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिला जास्त राग येत होता.

"नावच गाळा ना मग," नरसिंग ढोलकीची दोरी ओढत म्हणाला. "ना तुझं, ना मावशीचं. भांडण मिटलं."

दोघंही एकदम त्याच्यावर खेकसले. नरसिंगनं पुन्हा ढोलकीत डोकं घातलं.

पंचशीलेनं आईकडे पाहिलं. तिनं एक शब्द बोलावा, मान तरी हलवावी. पण म्हातारी जागची हलली नाही. पोरीनं आपल्यासाठी सगळ्या पार्टीशी वैर घ्यावं आणि आपण कोपऱ्यात बसून डोळे मिटावेत, याचा पंचशीलेला मनापासून संताप आला.

चंद्रप्पानं हात वर केला. स्पूल फिरू लागला. ढोलकी सुरू झाली, पेटीनं सूर धरला आणि भीमा गाऊ लागला. काय गायला तो! रागात गायला म्हणून असेल, पण दगडावर घण पडावा तसा एकेक शब्द पडत होता. पंचशीला त्याच्या आवाजाला आवाज लावत गेली. शेवटचं कडवं आलं. *सांग मुकादमाला नाव...*

"भीमा!" तो म्हणाला.

"नागू!" त्याच क्षणी ती ओरडली.

"हाय जी" कोणी म्हणायचं तेच कोणाला कळेना. ढोलकी अडखळली आणि पेटी बंद पडली. चंद्रप्पानं मशीन थांबवलं, फीत मागे घेतली आणि तेवढंच वाजवून ऐकवलं. दोन नावं एकमेकांवर अशी आदळली होती की दोन्हींतलं एकही ऐकू येत नव्हतं. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा काहीतरी आवाज होता.

"झालं समाधान?" भीमा तिच्यावर धावलाच. "एवढं चांगलं झालेलं गानं मातीत घातलंस!"

"तू घातलंस!"

मलप्पानं पेटीचा भाता लावला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मी जातो बाबा," तो म्हणाला. "तिकडं सगळे माझ्यासाठी उपाशी बसलेत, अन् इथं तुमचं असं."

"एक डाव, काका," पंचशीला काकुळतीला आली. "एकच डाव."

"काय उपेग? तुमी दोघं पुन्हा तेच करनार."

मग भीमा पोत्यांच्या ढिगाकडे गेला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला. "मावशे," तो म्हणाला, "आता तूच सांग. कोनाचं नाव घ्यायचं? तू म्हनशील तसं. मग मी बी बोलनार न्हाई अन् ही बी न्हाई."

नागुबाईनं डोळे उघडले. तिनं आधी भीमाकडे पाहिलं, मग बराच वेळ पंचशीलेकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मला तुमच्या मधात उभं करा," ती म्हणाली. "नाव म्या घेते."

नाव आई घेणार! म्हणजे ती स्वतःचं घेणार नाही. मेली तरी घेणार नाही, रीतच तशी. मग उरलं कोणाचं? शेजारी उभ्या असलेल्या भीमाचं. भाच्याचं मन राखायला, पार्टी मोडू नये म्हणून, म्हातारी आपलं गाणं आपल्याच तोंडानं त्याला देऊन टाकणार. भीमालाही तेच वाटलं असावं. त्याच्या कपाळाच्या आठ्या एकदम उतरल्या, आणि त्यानं हाताला धरून मावशीला माईकसमोर आणलं.

"आई, असं करू नको," पंचशीला तिच्या कानाशी लागली.

"तू गा," नागुबाई म्हणाली.

मलप्पानं पुन्हा पेटी उघडली. चंद्रप्पानं घाम पुसला, दिव्याकडे एक नजर टाकली आणि हात वर केला.

या खेपेला भीमा जरा दबून गायला. पंचशीलेनं सूर सोडला नाही. चुकलं तर आता तिसरी वेळ नव्हती. मधे उभी असलेली आई ओठ न हलवता ऐकत होती. तिचा उजवा हात मात्र ढोलकीबरोबर वर-खाली होत होता, हातोडी धरल्यासारखा. कडवी सरत गेली. पंचशीलेच्या मनात येत होतं, अजूनही ओरडावं, आईच्या आधी आपणच नाव घेऊन टाकावं. मग पुन्हा गाणं मोडलं असतं आणि कॅसेटही. तिनं पदर मुठीत आवळून धरला.

*कुनाचा गं ह्यो घाव, सांग मुकादमाला नाव...*

भीमा थांबला. नरसिंगचा हात ढोलकीवर थांबला. फक्त पेटीचा सूर राहिला.

"सरजा!" नागुबाईनं पुकारलं.

म्हातारीचा आवाज फाटका होता, पण उन्हातून लांबवर ऐकू जावा असा. तो सुरातही नव्हता. पुकारून तिनं उजवीकडे मान वळवली आणि भीमाच्याही पलीकडे बघत वाट पाहू लागली. तिथं कोणी नव्हतं. बारदानाची भिंत होती.

सरजा कोण, हे ना पंचशीलेला ठाऊक होतं, ना भीमाला. स्पूल फिरत होता. मलप्पानं काय ओळखलं कोणास ठाऊक, त्यानं सूर सोडला नाही. तो भाता हळूहळू मारत राहिला. आणि आई तशीच, मान वळवून, जवाबाची वाट बघत उभी. तिच्याकडे पंचशीलेला पाहवेना. नाव पुकारलं होतं आणि त्याला जवाब आला नव्हता, एवढंच तिला त्या वेळी कळलं.

"हाय जी," ती म्हणाली.

तिच्या आवाजाला लागून भीमाचाही आवाज आला. दोघांनी ठरवलं नव्हतं, एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं. नरसिंगनं थाप मारली, ध्रुवपद उचललं, आणि गाणं शेवटाला गेलं.

चंद्रप्पानं मशीन बंद केलं. मग भीमानंच विचारलं, "मावशे, सरजा कोन?"

"माझ्या उजव्या हाताला बसायची," नागुबाई म्हणाली. ती पुन्हा पोत्यांवर जाऊन टेकली होती. "गानं तिनं बांधलं. फोड गं दगुड म्हनायला तिनंच सुरू केलं. म्या निस्ती शेजारीन. नाव घेनारी."

पंचशीलेला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही एकदमच. महिनाभर ती भीमाला चोर म्हणत होती. "आई, इतके वर्सं तू सांगितलं कामून न्हाई?"

"तू इचारलंस कवा?" म्हातारी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, खरंच तिला आठवत नसावं. "तू तर सगळ्यायला सांगूनच राहिली व्हतीस."

मलप्पा जायचा होता तो उंबऱ्यातच थांबला.

"ती गेली कुठं मग?" पंचशीलेनं विचारलं.

"उन्हानं गेली. तिथंच, खडीवर. पानी पुरलं न्हाई." नागुबाई तळहाताचे घट्टे दुसऱ्या हातानं चोळत राहिली. "दुसऱ्या दिशी मुकादमानं हजेरी घेतली. त्याला कोनी सांगितलंच नव्हतं. त्यानं तिचं नाव पुकारलं, सरजा म्हनून. आमी सगळ्या बाया गप. त्यानं पुन्हा पुकारलं. कोनीच हाय म्हनलं न्हाई. तवापसून ते तसंच राहून गेल्तं बघ."

लाईट गेली. माडीवर अंधारून आलं. आता गाणं ऐकून पाहता येणार नव्हतं.

"उमटलं असंल का रे?" म्हातारीनं चंद्रप्पाला विचारलं.

"उमटलं, आज्जी," चंद्रप्पा म्हणाला.

"जवाब बी?"

"जवाब बी. दोघाचा."

नागुबाईनं मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. पंचशीला जाऊन तिच्या उजव्या हाताला बसली.